घोड्याची थंडी: झूल की जादा गवत?

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पहाटे पाच-सहा अंशांवर येतो, मग मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) विचारतात: झूल घ्यावी की गवत वाढवावं?

ऊब: तंतुमय चारा मोठ्या आतड्यात आंबताना तासन्‌तास उष्णता देतो. चंदी (दाण्यांचा खुराक) पटकन पचते, तेवढी ऊब देत नाही. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो वाळलं गवत लागतं. थंडीत किलोभर वाढवा, मोठा वाटा रात्री टाका. कोमट पाणीही ठेवा. गार पाणी घोडा कमी पितो, आणि कोरड्या चाऱ्यावर पोटशूळ उठतो.

झूल बाहेरून ऊब राखते, पण उभारलेले केस दाबते. त्या केसांत अडकलेली हवा हेच घोड्याचं खरं पांघरूण. पातळ झुलीने उलट तोटाही होऊ शकतो. भिजलेली झूल तर नसल्याहून वाईट.

मेहनत: झूल रोज काढून खरारा करायचा, खांदे सोलवटलेत का बघायचं. दुर्लक्ष झालं की जखमा ठरलेल्या.

धडधाकट, दाट केसांच्या घोड्याला गवत आणि वाऱ्याचा आडोसा पुरे. म्हातारा, रोडावलेला, केस कातरलेला किंवा पावसात उघड्यावर राहणारा असेल तर गवत हवंच, वर जलरोधक झूलही.