बिना नळीचं फुफ्फुसाचं ऑपरेशन, पाचपैकी चार स्टार

हिंगणघाटजवळच्या खेड्यातून बाबांना नागपूरला नेलं होतं, हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी कुरकुर आहे. उजव्या फुफ्फुसात सीटी स्कॅनमधे बारकी गाठ दिसली, अन् चाळीस वर्षं बिडी म्हणल्यावर सगळ्यांच्या मनात एकच शब्द, तोंडातून कोणीच काढेना. सुईच्या तपासणीत हाती काही लागलं नाही, मग दुर्बिणीतून तो तुकडाच काढायचं ठरलं.

बाबांना भीती ऑपरेशनची नव्हती, नळीची होती, ऑपरेशननंतर छातीतली हवा-पाणी बाहेर काढायला बाटलीला जोडून ठेवतात ती. शेजारच्या काकांना मागच्या साली छातीत नळी होती, बाटली हातात धरून संडासला जायचे ते पाहून बाबा म्हणे "मले ते बाटली नोको". डॉक्टरांनी सांगितलं तुकडा काढल्यावर छातीत पाणी टाकून फुफ्फुस फुगवून बघू, बुडबुडे नाही आले तर नळी ठेवत नाही, आले तर ठेवूच, मग भांडायचं नाही. म्हणजे पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बघतो तेच की! हे आवडलं आपल्याला, आधीच फुकाची गॅरंटी दिली नाही.

बुडबुडे आले नाहीत. तीन बारीक छेद, आतली हवा तिथेच टेबलावर ओढून घेतली अन् टाके. संध्याकाळी बाबा चहा मागत होते, रात्री स्वतःच्या पायाने बाथरूमला. एक्सरेत वरच्या बाजूला थोडी हवा राहिलेली दिसली, ती शरीरच जिरवते म्हणे, दुसऱ्या दिवशीच्या एक्सरेत वाढली नव्हती म्हणून तिसऱ्या दिवशी सुट्टी. खोकला आला की कळ यायचीच, उशी छातीशी दाबून खोकायचं. तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं फुंकायचं, म्हणजे खरं तर श्वास ओढायचं खेळणं मिळालं, पहिल्या दिवशी एकच गोळी हलली, दहा दिवसांनी दोन, तिसरी अजून बसूनच आहे. काही आठवडे विमानात बसू नका हेही बजावलं, इथं एसटी वेळेवर भेटत नाही अन् विमान!

आता कुरकुर. घरी आल्यावर चौथ्या दिवशी काखेखाली हात लावला तर कातडीखाली चुरचुर, भाजलेला पापड दाबल्यावानी. आई रडायलाच लागली. फोन केला तर रिसेप्शन इकडून तिकडे, पाचव्यांदा एक डॉक्टर सापडले, म्हणे कातडीखाली हवा आहे, दम लागत नसेल अन् सूज मानेकडे चढत नसेल तर घाबरू नका, उद्या एक्सरेला या. अरे मग हे सुट्टीच्या दिवशी सांगायला काय झालं होतं? कार्ड पूर्ण इंग्रजीत, अन् आम्हाला सांगितलं काय तर कोणती गोळी कधी. दम लागला, ताप आला, सूज पसरली तर लगेच निघा, एवढं मराठीत लिहून द्या ना राजेहो, आम्ही दोन तास लांब राहतो. एक स्टार याचाच कापला, बिलाच्या खिडकीवर पाच तास बसवलं ते तर सोडूनच दिलं.

रिपोर्ट टीबीचा निघाला. आता सहा महिने सरकारी दवाखान्यातल्या फुकटच्या गोळ्या. बाबा रोज गोळी घेताना म्हणतात, "याच्यासाठी छाती फाडली काय बे?"