दोन हजाराचा हप्ता : पीएम किसान आणि नमो शेतकरी, आमच्या घरातला अनुभव

रेटिंग आधीच सांगते, ५ पैकी साडेतीन. वेळेवर आला तर पाचच्या पाच, उशिरा आला तर दोन, म्हणून मधलं धरलंय.

आमचं गाव परांडा तालुक्यात, जिल्हा धाराशिव. साडेतीन एकर कोरडवाहू, सातबारा अण्णांच्या म्हणजे वडिलांच्या नावावर. घरात अण्णा, आई, आजी आणि मी, दादा चाकणला कंपनीत कंत्राटावर. फॉर्म, केवायसी, स्टेटस बघणं ही कामं माझ्याकडं, त्यामुळं २०१९ ला योजना सुरू झाल्यापासून कुठला हप्ता कधी आला आणि कशाला गेला हे मला तोंडपाठ आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, केंद्राचे पीएम किसानचे वर्षाला ६००० तीन हप्त्यांत येतात आणि २०२३ पासून राज्याचे नमो शेतकरीचे अजून ६०००, तेपण तीन हप्त्यांत. वर्षाचे १२ हजार म्हणजे महिन्याला हजार. माझ्या चुलत बहिणीच्या नवऱ्यानं मला विचारलं होतं की हजारात काय होतं गं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०२४ चं घ्या. १८ जूनला सतरावा हप्ता सुटला. पाऊस होऊन वाफसा आलेला, पेरणी दोन-तीन दिवसांवर. सोयाबीनचं बियाणं घरचंच होतं, ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघितली होती, त्र्याहत्तर उगवले म्हणजे चांगलं बियाणं. पण खताला पैसा नव्हता. डीएपीची बॅग १३५० ला. दरवर्षी अण्णा जूनमध्ये गावातल्या एकाकडून दहा हजार उचलायचे, शेकडा तीननं. महिन्याला तीनशे, सोयाबीन विकून फेडेपर्यंत पाच महिने, म्हणजे दीड हजार नुसतं व्याज. आणि व्याजापेक्षा वाईट हे की ज्याचे पैसे त्यालाच माल घालायचा, भाव तो सांगेल तो, वर ओलावा जास्त आहे म्हणून पुन्हा कापणार. त्या वर्षी हप्ता आला, दादानं तीन हजार पाठवले, आईनं एक बोकड विकलं आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदा अण्णा त्या माणसाच्या ओट्यावर गेले नाहीत. रात्री जेवताना ते नेहमीपेक्षा जास्त बोलत होते, आईपण म्हणाली, आज जेवण गेलं बघ यांना.

त्यामुळंच सोयाबीन आम्हाला बार्शीच्या मार्केट यार्डात नेता आलं. तिथंही ४२०० च मिळाले हे खरंय, हमीभाव ४८९२ असताना. हमीभाव केंद्रावर नोंदणी करून नंबर यायची वाट बघायला घरात तेवढा दम नव्हता, दिवाळी तोंडावर आलेली. चौदा क्विंटलला हिशेब केला तर साडेनऊ हजारांच्या वर तिथंच गेले, म्हणजे केंद्राच्या वर्षाच्या सहा हजारापेक्षा जास्त. हप्ता म्हणजे भावाची भरपाई असं कोणी सांगत असेल तर त्यानं हा हिशेब बघावा. हप्त्याचं काम वेगळं आहे, नड असते त्या आठवड्यात हातात रोख असणं, तेवढं काम तो चोख करतो, पण त्या आठवड्यात आला तरच.

२०२५ ला तो आला नाही. एकोणिसावा हप्ता २४ फेब्रुवारीला आणि विसावा थेट २ ऑगस्टला. पाऊस मे मध्येच सुरू झालेला, आमच्याकडच्या पेरण्या जूनमध्ये उरकल्या. अण्णा पुन्हा त्याच ओट्यावर, पुन्हा दहा हजार. ऑगस्टमधले दोन हजार फवारणी आणि किराण्यात कधी गेले कळलंपण नाही. पैसे तेवढेच, पण जूनमधल्या दोन हजारानं सावकार टळला होता आणि ऑगस्टमधल्या दोन हजारानं चार दिवस चालले.

मग सप्टेंबर. सीना नदीला पूर आला ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, खालच्या बाजूची एकरभर माती खरवडून गेली, दगडच वर आले. नमोचा हप्ता त्याच महिन्यात पुराच्या आधी आला होता आणि त्यातले अकराशे आईनं डाळीच्या डब्यात ठेवलेले. त्या अकराशेत ताडपत्री आली, आजीच्या बीपीच्या गोळ्या आल्या आणि दळण. त्या आठवड्यात गावात कोण कोणाला उसने देणार, सगळेच बुडालेले. पंचनामा व्हायला, यादी लागायला, मदत खात्यावर पडायला महिना जातो, तोपर्यंत चूल कशावर पेटवायची हा प्रश्न असतो आणि आमच्याकडं ती डब्यातल्या पैशावर पेटली. पंजाब, हिमाचल, उत्तराखंडच्या शेतकऱ्यांना पुरामुळं एकविसावा हप्ता २६ सप्टेंबरलाच आगाऊ दिला, आम्हाला तो १९ नोव्हेंबरला मिळाला. त्यांना दिला ते चांगलंच केलं, पण आमच्याकडंपण तेव्हाच द्यायला पाहिजे होता, हे मी मनापासून सांगते.

अतिवृष्टीची मदत आणि रब्बीच्या बियाण्याचे हेक्टरी दहा हजार दिवाळीनंतर पडले, पण ज्या बँकेत पीककर्ज होतं तिनं खात्याला होल्ड लावला. मेसेज आला जमा झाल्याचा आणि काढायला गेलो तर थकबाकी आहे म्हणे. दोनदा हेलपाटा, तहसीलमध्ये अर्ज, तेव्हा आठ-नऊ दिवसांनी होल्ड निघाला. पुरात बुडालेल्या माणसाचे मदतीचे पैसे अडवून ठेवणं मला अजिबात पटत नाही. तुमच्याकडं असं झालं तर बँकेत वाद घालण्यापेक्षा सरळ लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, आमचं काम पोच घेतल्यावरच हललं.

आता हातात पैसे येण्याबद्दल. आधारवरून पैसे काढून देणाऱ्या गावातल्या एका सेंटरवाल्याकडं दर वेळी दोन हजारामागं वीस-तीस रुपये कापले जायचे आणि पावती कधी नाही. मग आम्ही आधार पोस्ट पेमेंट्स बँकेच्या खात्याला लिंक करून घेतलं आणि हा सगळ्यात चांगला निर्णय ठरला. पोस्टमनकाका मशीन घेऊन घरी येतात, अंगठा घेतात, पैसे मोजून हातात. आजीचे श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे दीड हजारपण तेच देतात. आजीचा अंगठा उमटत नाही, आयुष्यभर खुरपून बोटाच्या रेषाच झिजल्यात, काका कधी चिडले नाहीत, बोट ओल्या फडक्यानं पुसून एकेक बोट लावून बघतात, बहुतेक डाव्या हाताचं मधलं चालतं. या सेवेला माझ्याकडून पाचपैकी पाच. अण्णांच्या केवायसीलापण हीच अडचण होती, ती पीएम किसानच्या ॲपवर चेहरा दाखवून घरीच झाली, दोन मिनिटांत.

आईला लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळतात. शेतकऱ्याचा हप्ता अण्णांच्या नावावर असल्यामुळं तिचे पूर्ण येतात, बाईच्याच नावावर नमोचा आणि केंद्राचा हप्ता असेल तर पाचशेच येतात, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. दीड हजारातले पाचशे ती बचत गटात टाकते. आधी किराणा आणायचा तर अण्णांकडं मागायला लागायचं, आता ती स्वतः दुकानात जाऊन उधारी मिटवून येते.

कमी काय आहे म्हणाल तर सगळ्यात मोठं हे, की पैसे सातबाऱ्याला मिळतात, रान कसणाऱ्याला नाही. आमच्या शेजारच्या काकू आणि त्यांचा मुलगा दुसऱ्याचं चार एकर बटईनं करतात. पुरात त्यांचं पीक आमच्याइतकंच गेलं, हप्ता आणि मदत मात्र रानमालकाला, जो लातूरला राहतो. आमच्या डब्यात अकराशे होते, त्यांच्याकडं काहीच नव्हतं, आईनं त्यांना पायलीभर ज्वारी दिली.

नवरा वारल्यावर हप्ता बंद झाला असं सांगणाऱ्या बायका गावोगाव भेटतात. त्यांनी आधी तलाठ्याकडं वारस नोंद करून घ्यावी आणि मग स्वतःच्या नावानं नवीन अर्ज करावा. जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीची लागते, पण वारसानं आलेल्या जमिनीला ती अट आडवी येत नाही. शेतकरी ओळख क्रमांकपण आधीच काढून ठेवा. हप्ता अडकला असेल तर स्टेटसमध्ये तीन गोष्टी बघा, ई-केवायसी, लँड सीडिंग (म्हणजे जमिनीची नोंद योजनेला जोडलेली असणं) आणि आधार-बँक लिंक. लँड सीडिंगपुढं नो असेल तर सेंटरवाल्याला पैसे देऊ नका, ते काम तहसीलचंच आहे. तरी नाही झालं तर १५५२६१ ला फोन लावा, लागायला वेळ लागतो, पण लागतो.

नोव्हेंबरच्या हप्त्याचं आम्ही हरभऱ्याचं बियाणं आणलं, वरच्या दोन एकरात पेरलं. खालच्या रानात अजून दगडच आहेत.