मूळ खरेदीखत पाहिल्याशिवाय क्लिनिकसाठी गाळा घेऊ नका

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूच्या एका गाळ्यापायी माझे ५,७४,६०० रुपये अडकलेत. अडकलेत म्हणायचं, खरं तर गेलेत. डॉक्टर मंडळी अशी गोष्ट चारचौघांत बोलत नाहीत. नाव खराब होईल म्हणून गप्प बसतात आणि तोच माणूस तोच गाळा पुढच्याला दाखवतो. मलाही लाज वाटते, तरी लिहिते आहे.

'एवढी शिकलेली बाई, चौकशी करायला काय झालं होतं' असं माझ्याच घरात ऐकून झालंय. चौकशी केली होती. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीच्या सरकारी उताऱ्यावर, मालकाचं नाव होतं. महावितरणचं बिल त्याच्याच नावावर, थकबाकी नाही. घरपट्टीची पावती पाहिली. करार नुसत्या स्टॅम्प पेपरवर केला नाही, ३६ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स रीतसर नोंदवला, आधार, अंगठे, फोटो सगळं. कागद एकही खोटा नव्हता. मालक खरोखरच मालक होता. फक्त त्याने तो गाळा बँकेकडे गहाण टाकला होता, कर्ज थकवलं होतं आणि बँकेने सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायच्या कायद्याखाली, कारवाई सुरू केली होती. कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस देऊन झाली होती, सांकेतिक, म्हणजे कागदोपत्री, ताबाही झाला होता. त्या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय गाळा भाड्याने द्यायला कायद्याने मनाई आहे. त्याला ते पक्कं माहीत होतं. एजंटलाही.

पायाच्या दवाखान्याला जागा मिळणं किती अवघड असतं हे बाहेरच्यांना कळत नाही. माझे बहुतेक पेशंट मधुमेही. तळपायाची संवेदना गेलेली, अंगठ्याखाली जखम, वर पट्टी. ज्याला जखमेवर भार देऊ नका म्हणून बजावायचं, त्यालाच जिने चढायला लावायचे? पंडित कॉलनी, कॅनडा कॉर्नर या भागात डॉक्टर भरपूर, पण तळमजल्यावर मेडिकल आणि लॅब, दवाखाने वर. लिफ्ट असली तरी तिच्याआधी पाच पायऱ्या. मला हवा होता तळमजला, व्हीलचेअर जाईल एवढं दार, आत पाण्याची लाइन, दारापर्यंत रिक्षा आणि डायबेटॉलॉजिस्टकडून पेशंट चालत येईल एवढं अंतर. शिवाय मी एकटी. रिसेप्शनला माणूस ठेवणं परवडणारं नाही, म्हणजे पेशंटच्या पायाशी बसून बाकड्यावरचे लोक दिसायला हवेत. हे सगळं मी एजंटला पहिल्याच फोनवर सांगितलं. तुमची नड किती आहे हे एजंटला कधीही सांगू नका. त्याने आधी दोन रद्दी जागा दाखवल्या आणि मग हा गाळा. एक डेंटिस्ट उद्याच टोकन देतोय वगैरे पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

आता त्या गाळ्याच्या शटरबद्दल. गाळा पाहायला गेलो तेव्हा शटरवर, डोळ्यांच्या उंचीला, कागद चिकटवून खरवडल्याची खूण होती. चारी कोपऱ्यांत खळ वाळून पिवळी पडलेली आणि एका कोपऱ्याला बोटभर कागद शिल्लक. त्यावर छापील '…मालमत्तेशी कोणताही व्यव…' एवढीच अक्षरं. मी बोट ठेवून विचारलं, हे काय? एजंट म्हणाला, "मॅडम, सोसायटीच्या मेंटेनन्सची नोटीस होती, क्लिअर झालं सगळं." मालकाने लगेच शटर वर ढकललं. खूण वर गुंडाळली गेली आणि आतली कोरी फरशी, जिना नसलेलं दार समोर आलं. त्या क्षणाची आठवण आली की आजही झोप उडते. पण सोसायटीच्या नोटिशीला 'मालमत्ता' हा शब्द कशाला लागेल, हे उभ्या उभ्या कोणाला सुचतं? मी पाय तपासते, बँकेच्या नोटिसा नाही. कायद्याप्रमाणे ताबा नोटीस दाराला लावतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. दाराची त्याने खरवडली. वर्तमानपत्रातली मी पाहिली नाही. तुम्ही तरी त्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या नोटिसा वाचता का?

पैसे असे गेले. डिपॉझिट ३,००,०००, त्यातले २१,००० टोकन म्हणून त्याच दिवशी. पहिल्या महिन्याचं भाडं ३२,०००. एजंटला ३२,०००. मुद्रांक, नोंदणी आणि करार करून देणाऱ्याची फी मिळून ७,५००. रॅम्प, बेसिन, धरायचे दांडे, वायरिंग १,८४,६००. बोर्ड १८,५००. डिपॉझिट त्याने बायकोच्या खात्यावर मागितलं, 'माझ्या खात्याचं ऑडिट चालू आहे' म्हणून. करारात नाव ज्याचं, पैसे त्याच्याच खात्यात. दुसरं खातं पुढे आलं की तिथूनच मागे फिरा.

उद्घाटनाच्या आधीच बँकेचे लोक जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणि पोलीस घेऊन आले. पंचनामा, सील. माझी १,३५,००० ची खुर्ची, पायाचा रक्तप्रवाह पाहायचा डॉपलर, संवेदना तपासायचा मोनोफिलामेंट सगळं आत. ते सोडवायलाही वकील लागला.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "मॅडम, हे दिवाणी आहे." मी म्हटलं, गहाण लपवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), म्हणजे जुनं ४२०. मग हद्द निघाली. गाळा एकीकडे, अंगठे घेतले माझ्या घरी दुसरीकडे, म्हणून या ठाण्यातून त्या ठाण्यात. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. साहेब बंदोबस्तात, साहेब रजेवर, साहेब नवीन आलेत. अर्जावर आवक शिक्का मारून देतानासुद्धा उपकार केल्यासारखा चेहरा. निबंधक कार्यालयात सांगितलं, आम्ही दस्त नोंदवतो, मालकाचा हक्क तपासत नाही. मग माणूस नोंदणीला एवढं महत्त्व देतो ते कशाच्या भरवशावर? बँकेतला अधिकारी म्हणाला, तुम्ही आमचे ग्राहक नाही. त्याच बँकेच्या माणसाने आत सुतारकाम चालू असताना गाळ्याचे फोटो काढले होते, सुताराने मला सांगितलं. तेव्हा एका शब्दाने बोलला असता तर माझे निम्मे पैसे वाचले असते. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामकाचा, मार्ग नव्हताच, जुन्या इमारतीतला भाड्याचा गाळा त्यांच्या कक्षेत येत नाही.

इंडेक्स टूची प्रत कोणालाही निघते, तिच्यावर विसंबू नका. मालकाला मूळ खरेदीखत टेबलावर ठेवायला सांगा. झेरॉक्स पुढे केली तर मूळ कुठे आहे ते विचारा, बहुतेक वेळा ते बँकेत असतं. कर्ज असणं गुन्हा नाही, पण मग बँकेचं लेखी ना हरकत पत्र हवं. सर्साई (CERSAI) या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या पोर्टलवर नाममात्र शुल्कात गहाण शोधता येतं. वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल, टोकनच्या आधी घ्या, नंतर नाही. आणि सुतार, प्लंबर आत घालण्याआधी शेजारच्या दुकानदाराशी एकटीने बोला, एजंट बरोबर नको. माझ्या शेजारच्या टेलरला सगळं ठाऊक होतं. मला नंतर म्हणाला, "ताई, तुम्ही विचारलंच नाही."

माझ्याआधी याच गाळ्यावर एका क्लासवाल्याकडून आणि एका केकवालीकडून डिपॉझिट घेतल्याचं आता कळलंय. एकटीच्या अर्जाला दिवाणी म्हणतात, म्हणून आम्ही तिघांनी मिळून पोलीस आयुक्तांना कलम १७३(४) खाली लेखी तक्रार पाठवली आहे, रजिस्टर पोस्टाने, पोच जपून ठेवून. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहोत. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, दाराशी नवा रॅम्प असलेल्या तळमजल्याच्या गाळ्यासाठी आणखी कोणी पैसे दिले असतील, तर करार आणि बँक स्टेटमेंट घेऊन लगेच अर्ज द्या, लाज धरून बसू नका.