टूकन आधी की ककणेर? वर्षावनाचं पहिलं चित्रपुस्तक निवडताना

शेजारच्या गावच्या बालवाडीताईंनी परवा विचारलं, "पैसे एकाच पुस्तकापुरते आहेत. मुलांना वर्षावन दाखवायचंय. ॲमेझॉनच्या जंगलाचं घेऊ की आपल्याकडच्या प्राण्यांचं?" माझ्या पुस्तकांच्या पेटीत दोन्ही आहेत आणि दोन्ही चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या हाताखालून गेली आहेत. एकच घ्यायचं तर आपल्याकडचं घ्या, असं मी लगेच सांगून टाकलं. 'आपलं ते चांगलं' म्हणून नव्हे. नीट सांगायला बसले तेव्हा ॲमेझॉनच्या बाजूनेही बरंच निघालं.

आधी तेच सांगते. ॲमेझॉनचं पुस्तक उघडलं की वर्ग गप्प होतो. पानभर रंग, लाल-निळा मकाव पोपट, विषारी निळा बेडूक, फांदीला उलटा लटकलेला स्लॉथ नावाचा सुस्त प्राणी. हा स्लॉथ आठवड्यातून साधारण एकदाच शी करायला झाडावरून खाली उतरतो, हे ऐकल्यावर पुढची दहा मिनिटं वर्ग माझ्या ताब्यात नसतो. अशा पुस्तकांत बहुधा जंगलाचे मजलेही छान दाखवलेले असतात: सगळ्यांच्या वर डोकं काढणारी मोजकी उंच झाडं, त्याखाली फांद्यापानांचं सलग छत, मग सावलीतली झुडपं आणि तळाला ओला पाचोळा. कोण कुठल्या मजल्यावर राहतो ते मूल बोट ठेवून सांगतं. वर्षावन आणि नुसतं दाट जंगल यांतला फरक या एका चित्रातून जेवढा पोचतो, तेवढा बोलून पोचत नाही. आपल्याकडच्या पुस्तकांत मला हीच उणीव दिसते. एका पानावर शेकरू, पुढच्या पानावर गवा, मग मोर, आणि प्रत्येक जण पांढऱ्या कागदावर एकटाच उभा. त्यातून प्राणी कळतो, रान कळत नाही. म्हणून आपल्याकडचं पुस्तक घेताना पहिली परीक्षा हीच करा: प्राण्यामागे झाड आहे का, आणि ते कुठलं झाड ते ओळखू येतं का?

'वर्षावन' या शब्दाचाही एक घोळ आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात वर्षाला सरासरी 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. रत्नागिरीत 3000 च्या वर, आणि आंबोलीला तर त्याच्या दुपटीने. मग आपलं सगळं कोकण वर्षावन का नाही? कारण तिथे पाऊस वर्षभर वाटून पडतो. आपला मृगात सुरू होतो, चार महिन्यांत सगळा ओतून मोकळा होतो आणि मेपर्यंत जमीन कोरडी. त्यामुळे आपली बरीचशी रानं पानगळीची किंवा अर्धी सदाहरित. बारमाही हिरवी रानं आंबोली, तिलारी, राधानगरीच्या बाजूला तुकड्यातुकड्यांनी उरली आहेत. घरामागची झाडी म्हणजे वर्षावन, असं मुलांना सांगू नका. पाच वर्षांच्या मुलाला मिलिमीटरही नकोत. "तिथे छत्री माळ्यावर ठेवतच नाहीत," एवढं सांगितलं तरी कळतं.

माझं मत ठरलं ते टूकन नावाच्या पक्ष्यामुळे. ॲमेझॉनच्या पुस्तकातलं ते पान उघडलं, पिवळी-नारिंगी भली मोठी चोच दिसली आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, हो गरूड! आमच्या परड्यात येता." आमच्याकडे काही घरांत धनेश पक्ष्याला गरुड म्हणतात, काही गावांत ककणेर. मुलगा चुकला होता, पण त्याने पाहिलं होतं ते खरंच होतं. दोघांची चोच मोठी, दोघेही फळं खातात, लांब जाऊन बिया टाकतात, दोघेही झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. तरीही नातं नाही. टूकन हा सुतार पक्ष्याच्या गोतातला, फक्त अमेरिका खंडांत सापडणारा. ककणेराचे भाऊबंद आशिया आणि आफ्रिकेत. ककणेराच्या चोचीवर टोप असतो, टूकनच्या नसतो. मग मी आपल्याकडचं पुस्तक शेजारी उघडलं आणि ककणेराची मादी ढोलीत शिरून दार कसं लिंपून घेते ते दाखवलं. एक फट तेवढी उरते. कित्येक आठवडे नर फळं आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. "आणि बाबा मेलो तर?" हे एका मुलीने विचारलंच. खरं ते सांगितलं, आत अडकलेल्यांचे हाल होतात. वर्ग थोडा वेळ शांत होता.

पुढचे काही दिवस मुलं घरून बातम्या आणत होती. ककणेर कुणाकडे वडावर बसलेला दिसला, कुणाच्या आजीला त्याच्या पंखांचा आवाज लांबून ओळखता येतो, कुणी झाडाखालची बी रुमालात बांधून आणली. ॲमेझॉनचं पुस्तक मिटलं की ॲमेझॉनही मिटतं. हे पुस्तक मिटल्यावर मूल वर बघायला लागतं. बी कोण पेरतं, ढोली कुठून येते, जुनं झाड तोडलं तर कुणाचं घर जातं, हे सगळं वर्षावनाचंच शिक्षण आहे आणि ते घरामागच्या परड्यात होतं.

पण जवळच्या प्राण्याला काटाही असतो. बिबट्याचं पान उघडा, "आमच्या कुत्र्याक न्हेल्यान" हे ऐकायची तयारी ठेवा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात 2002 पासून कर्नाटकातून हत्ती येतात. तिथल्या मुलासाठी हत्ती म्हणजे सोंड हलवणारा गोड मित्र नव्हे, बाबांच्या केळी तुडवणारा. वानर-माकडांबद्दल आमच्या घराघरांत काय बोललं जातं ते तर लिहायला नको. दूरच्या, अमेरिकेतल्या बिबट्यासारख्या जॅग्वारचं भय नसतं, नुसतं नवल असतं. गावात नुकताच बिबट्या येऊन गेला असेल तर मी माझा सल्ला फिरवीन आणि जॅग्वारपासून सुरू करीन. पुढे, भीती ओसरली की, दोघांच्या अंगावरचे ठिपके शेजारी ठेवायचे: जॅग्वारच्या गोल नक्षीच्या आत आणखी ठिपके असतात, बिबट्याच्या बहुधा नसतात.

दूरचं पुस्तक मराठी अनुवादातलं असेल तर नावं तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. टूकनला धनेश, जॅग्वारला चित्ता, स्लॉथला अस्वल! हा शेवटचा गोंधळ तर दोनशे वर्षांहून जुना आहे. 1791 मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने आपल्याच अस्वलाला स्लॉथच्या कुळात घातलं होतं, म्हणून इंग्रजीत ते अजून 'स्लॉथ बेअर' आहे. शास्त्रज्ञ चुकला तर अनुवादकाचं काय, पण मुलांच्या पुस्तकात चालणार नाही. ओरांगउटान आणि जॅग्वार एकाच झाडावर दिसले तरी पुस्तक खाली ठेवा. ओरांगउटान हे मोठं वानर फक्त बोर्निओ आणि सुमात्रा बेटांवर राहतं. वर्षावनाच्या मुखपृष्ठावर सिंह असेल तर आत बघायचीही गरज नाही.

सदरा-टोपी घातलेले, गप्पा मारणारे प्राणी मला गोष्टीसाठी चालतात, या कामासाठी नाही. टोरांटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांची पुस्तकं दाखवली होती. माणसासारखे वागणारे, बोलणारे प्राणी पाहिले-ऐकले तेव्हा लहान मुलांच्या लक्षात खरी माहिती कमी राहिली, आणि प्राण्यांना माणसाचे गुण चिकटवण्याकडे मुलांचा कल वाढला. उघडझाप करणारी, खिडक्यांची पुस्तकंही टाळा. आमच्याकडची दोन आठवड्यांत बिनखिडक्यांची झाली.

पैशांची अडचण असेल तर तिसरी वाट आहे. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट उतरवून छापता येतात, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या असतात. मात्र निवड तुम्हालाच करावी लागते, आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या रंगीत छपाईत शेकरू कधीकधी जांभळं येतं. जाड पुठ्ठ्याचं महाग पुस्तक घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, आमच्या हवेत जुलैपर्यंत त्याचे थर सुटतात आणि कडेला बुरशी धरते. पातळ मराठी पुस्तकं उन्हं पडली की दोरीवर घालता येतात.

हे सगळं ऐकून ताई म्हणाल्या, "बाई, आमचं गाव खाडीच्या तोंडावर. पोरांना बांगडा आणि सौंदाळा कळतो. ककणेर कुणी बघितलाय?" हे मला सुचलं नव्हतं. त्यांच्या मुलांना शेकरूही टूकनइतकंच परकं. पण त्यांच्या गावात टेकाडावर ग्रामदेवतेची देवराई आहे, कोयता न लागलेली, भर दुपारी आत काळोख असणारी. तिथे खालून वर बघितलं की जंगलाचे मजले चित्राशिवाय दिसतात. मी म्हटलं, पुस्तक आपल्याकडचंच घ्या, पण वर्गात उघडू नका. मुलांना राईत न्या, वहाणा बाहेर काढायला लावा, पाचोळ्यावर बसवा आणि आधी थोडा वेळ काहीच दाखवू नका.