गंगापूर रोडवरील उद्योजकांची बुधवारची बैठक: वर्षभराचा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रोडवर दर बुधवारी सकाळी सात वाजता भरणाऱ्या उद्योजकांच्या बैठकीचे सदस्यत्व मी वर्षभरापूर्वी घेतले. कांदा वाळवून भुकटी करण्याचा माझा लहान उद्योग असल्याने ओळखी वाढवणे ही माझी निकड होती.

बैठकीचे मोल मला तिसऱ्या महिन्यात कळले. वाळवणी यंत्रातील ट्रेला कांद्याचे काप चिकटतात, ही अडचण मी परिचयाच्या एका मिनिटात सांगितली. तेव्हा अंबडला पत्र्याचे काम करणाऱ्या एका सदस्यांनी चहाचा कप बाजूला सारून कागदावर जाळीची आकृती काढली आणि पुढच्या बुधवारी नमुन्याचा ट्रे स्वतः आणून दिला. आज तेच माझे भागीदार आहेत. भागीदारीची नोंदणी करण्याचा आग्रह येथीलच एका सनदी लेखापालांनी धरला, कारण १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातील हक्कांसाठी इतरांवर दावा लावता येत नाही.

गुंतवणूकदारांसोबतच्या सत्राने मात्र निराशा केली. दहा मिनिटांत ताळेबंद आणि हिस्सेदारी समजावता येत नाही, आणि कारखाना पाहायला कोणीही आले नाही. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांनी उभारलेल्या कंपनीत २०२२ साली युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतवले, त्यामागे शेतकऱ्यांसोबतची अनेक वर्षांची बांधणी होती, हे नाशिककरांना सांगायला नको.

शुल्क थोडे जास्त आहे. पुरवठादार किंवा भागीदार शोधणाऱ्यांनी सदस्यत्व अवश्य घ्यावे. केवळ भांडवलासाठी येणाऱ्यांनी आधी पाहुणे म्हणून दोन बैठकांना बसावे.