रोजमेळ घेऊन ओमानला: आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगते, ही कुठल्या ॲपबद्दलची किंवा फॉरेक्स कार्डाबद्दलची पोस्ट नाही. मी लिहितेय ती 120 रुपयांच्या एका आडव्या, लाल पुठ्ठ्याच्या रोजमेळाबद्दल, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीबद्दल. ऑगस्ट 2024 ते मार्च 2025 ती रोज वापरली. मधले दहा दिवस ती माझ्यासोबत ओमानमध्ये होती. आता तिच्या कडा तेलकट झाल्यात आणि शिवणीत तिथल्या बिदियाच्या वाळवंटातली वाळू अडकलीय. उघडली की अजून दोन-चार कण टेबलावर पडतात.

माझ्या वडिलांचं सांगलीत किराणा दुकान होतं. घरात संगणक आला तरी बाबा रोजमेळ हातानंच लिहायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे (खर्च), रात्री गल्ला मोजून शिल्लक जुळवायची आणि मगच जेवायला बसायचं. आम्ही चौघांनी (मी, नवरा, भावजी आणि जाऊबाई) स्वतःच आखून ओमान करायचं ठरवलं, तेव्हा भावजींनी मोबाईलमध्ये खर्चाचं ॲप घेतलं आणि मी ही वही आणली. जानेवारीपर्यंत सहा महिने माणशी 10,000 रुपये बाजूला काढायचे, म्हणजे एकूण 2,40,000, एवढंच तेव्हा ठरलं होतं.

पहिली चूक पहिल्याच पानावर आहे आणि ती मी खोडलेली नाही. मी लिहिलं होतं, "रोजचा खर्च: माणशी 20 रियाल." (रियाल म्हणजे ओमानचं चलन, तेव्हा साधारण 225 रुपयांचा; त्याचे सुटे ते बैसे.) प्रवासाला जाणारे सगळेच विचारतात ना, दिवसाला किती धरायचे? ओमानसारख्या देशात या प्रश्नाला काही अर्थ नाही, हे वही भरत गेल्यावर कळलं. फिन्सच्या किनाऱ्यावर आम्ही भावजींचा ट्रेकचा तंबू ठोकून राहिलो, त्या दिवशी चौघांचा मिळून खर्च 3 रियाल 350 बैसा: पाव, अंडी, पाणी, सरपण. तिथे तंबू लावायला कुणी पैसे मागत नाही. त्याच्या तीन दिवस आधी वाळवंटातल्या कॅम्पमध्ये होतो, तो एक दिवस 104 रियालचा. या दोन आकड्यांची सरासरी काढून कुणाचं भलं होणार? वाळवंटी देशात खर्च रोज ठिबकत नाही, ढेकळानं पडतो. मध्ये लांबच्या लांब काहीच विकत मिळत नाही, मग एकदम गाडी, मुक्काम, तिकीट सगळं एकत्र.

बाबांना फोन केला तर म्हणाले, "दिवसावर कशाला मांडतेस, खात्यावर मांड." तेव्हापासून वहीत चार खाती झाली: गाडी, मुक्काम, माणशी आणि पाणी. ही पद्धत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली, म्हणून गाडीचं खातं जरा सविस्तर सांगते.

मस्कतमध्ये गाडी घेतल्याशिवाय स्वतंत्र प्रवास म्हणजे टॅक्सीवाल्याच्या मर्जीचा प्रवास. शहरांना जोडणाऱ्या बस आहेत, पण किल्ले, वाद्या (डोंगरांतल्या ओढ्यांच्या दऱ्या), डोंगरातली गावं त्यांच्या वाटेवर नाहीत. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून 1,000 रुपयांत होतो, तो आधीच काढून ठेवला. तिथे वाहतूक उजव्या बाजूनं, त्यामुळे पहिला दिवस नवरा प्रत्येक वळणावर गिअरऐवजी दरवाजाच चाचपडत होता. खरा प्रश्न होता गाडी कोणती घ्यायची. सगळे सांगत होते की मोठी गाडी, चारही चाकांना जोर असलेली फोर बाय फोरच घ्या. जबल अखदरच्या डोंगरावर चढताना बिरकत अल मौझजवळ पोलीस चौकी आहे, तिथून साधी गाडी वर सोडत नाहीत, हे खरंच आहे. बिदियाजवळच्या वहिबा वाळवंटाच्या वाळूत तर साधी गाडी पाचव्या मिनिटाला रुतेल. पण वहीत दोन रकाने मांडले तेव्हा दिसलं की दहा दिवसांत मोठी गाडी आम्हाला लागणार दोनच दिवस. ती नऊ दिवस घेतली असती तर रोजचे 32 धरून 288 रियाल. त्याऐवजी साधी सेडान रोजची 12 प्रमाणे 108, जबल अखदरसाठी एक दिवस ड्रायव्हरसकट मोठी गाडी 35, आणि बिदियाहून कॅम्पपर्यंत नेण्या-आणण्याचे चौघांचे 20. एकूण 163. वाचले 125 रियाल, म्हणजे वहीतल्या 225 रुपयांच्या भावानं 28,125 रुपये. कॅम्पच्या ड्रायव्हरनं वाळूत शिरण्याआधी चारही चाकांची हवा कमी केली आणि मग ज्या टेकडीवरून गाडी खाली सोडली, ते बघून नवरा हळूच म्हणाला, "बरं झालं, आपण चालवत नाही."

पेट्रोलचा आकडा मात्र वाचून हसू येतं. 1,400 किलोमीटरला 100 लिटर लागलं. 91 ऑक्टेनचा दर 229 बैसा, म्हणजे सगळा प्रवास 22 रियाल 900 बैशात. माणशी खर्चात ते कुठे दिसतसुद्धा नाही. पण गाडीचं भाडं माणसं बघून बदलत नाही. चौघांत ते पेट्रोलसकट माणशी 46-47 रियाल पडलं, दोघंच गेलो असतो तर जवळजवळ दुप्पट. म्हणून कुणी मला "ओमानला किती लागतात" विचारलं, तर आधी विचारते, गाडीत किती जण?

व्हिसाची गंमत वेगळीच. दहा दिवसांचा ई-व्हिसा 5 रियाल, महिन्याचा 20. आमचा बेत होता अकरा दिवसांचा. म्हणजे अकराव्या दिवसासाठी माणशी 15 रियाल जास्त, चौघांचे 60! तो एक दिवस नुसता व्हिसाच्या पैशात 13,500 रुपयांचा. तो कापला आणि जबल शम्सचा डोंगर गाळला. जाऊबाई अजून बोलून दाखवतात.

आता बैशाबद्दल, कारण वहीतल्या निम्म्या खाडाखोडीचं मूळ तिथे आहे. रियालचे बैसे 1,000, शंभर नाहीत. बैसा म्हणजे आपला पैसाच; अरबीत 'प' नाही, म्हणून 'ब'. आणि नात्याला पुरावाही आहे: आपल्या रिझर्व्ह बँकेनं 1959 साली खास आखातासाठी वेगळा रुपया काढला होता आणि ओमाननं तो 1970 पर्यंत वापरला. ऐकायला छान वाटतं, पण डोळ्याला दोन दशांशांची सवय असते. 1.500 दिसलं की मेंदू आधी दीडशे वाचतो, मग पंधरा, मग दीड. भावजींचं ॲप दोनच दशांश घ्यायचं, त्यामुळे 0.125 चा पाव कधी 0.12 व्हायचा, कधी 0.13. तिसऱ्या दिवशी त्यांनी ॲप सोडलं आणि रोज रात्री माझ्या शेजारी बसून "आज किती?" विचारायला लागले. मी तीन उभ्या रेघा मारून रियालचा आणि बैशाचा रकाना वेगळा केला, तसं चुकणं कमी झालं. अगदीच थांबलं नाही, ते पुढे येईलच.

पैसे नेण्याबद्दल. पॅकेज घेतलं असतं तर त्यावर तेव्हाच्या नियमानं 5 टक्के टीसीएस (आगाऊ वसूल होणारा आयकर) आधीच गेला असता. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. आपलं आपण केल्यामुळे ती कटकट नव्हती. पुण्यातून 250 रियाल रोख नेले, बाकी क्रेडिट कार्ड. आमच्या कार्डावर परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्के आणि त्या आकारावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे लाखाला 4,130 रुपये. हा खर्च मी सुरुवातीला धरलाच नव्हता. मशीनवर "रुपयांत की रियालमध्ये" असं आलं की डोळे झाकून रियाल दाबायचं. रुपयांत दाखवलेला भाव ऐकायला ओळखीचा, पण महाग. हॉटेलच्या दरावरही कर वेगळे लागतात (पालिकेचा 5 टक्के, पर्यटनाचा 4, वर 5 टक्के व्हॅट). बुकिंगच्या पडद्यावरचा आकडा हा शेवटचा आकडा आहे का, ते बघून मगच वहीत उतरवावं.

एक नोंद मला उलटवावी लागली. शेजारच्या काकांनी ऑगस्टमध्ये कपाटातली 20 रियालची एक नोट दिली होती. त्यांची बहीण मस्कतला होती तेव्हाची. "तिकडे खर्च करा, इथे काय करू तिचं?" मी ती थाटात जमा केली. जानेवारीच्या शेवटी मस्कतच्या मुत्रा सूकमध्ये (बाजारात) लोबान घेताना दुकानदारानं ती उजेडात धरली आणि शुद्ध हिंदीत म्हणाला, "ये बंद हो गया." 2020 च्या आधीच्या नोटा 31 डिसेंबर 2024 नंतर चलनातून बाद झाल्या होत्या. त्यांनी लोकांना जवळजवळ वर्षभराची मुदत दिली होती. आपल्याला 2016 साली चार तास मिळाले होते, ते आठवलं. नोट परत आणून काकांना दिली. वहीत जमा 20, नावे 20.

खाण्यावर आम्ही जेवढे धरले होते तेवढे गेलेच नाहीत. रस्त्याकडेच्या 'कॉफी शॉप'मध्ये बहुतेक सगळीकडे केरळची मंडळी, पराठा गरम आणि चहा घट्ट. संध्याकाळी मोठ्या दुकानातून दही, खजूर, खुबूस (अरबी रोटी). मेतकूट आणि भाजणी मी घरूनच नेली होती. पाण्याचं खातं मात्र वेगळं ठेवलं आणि त्यातून एक बैसाही कापायचा नाही असा नियम केला. डिकीत बाटल्यांचा एक खोका कायम भरलेला. निझवा सोडून बिदियाकडे जाताना वाटेत थांबलो, तेव्हा तासाभरात दोन गाड्या दिसल्या, त्यातली एक टँकर होती. अशा ठिकाणी बचतीचा विचार करायचा नसतो. मस्कतच्या मोठ्या मशिदीत बायकांना डोकं आणि हातपाय झाकावे लागतात. ओढण्या आणि पूर्ण बाह्यांचे कुर्ते घरूनच नेले, म्हणून अबाया (अंगभर झगा) भाड्यानं घ्यावा लागला नाही. तिकिटांत सगळ्यात मोठा आकडा निझवाच्या किल्ल्याचा, माणशी 5 रियाल. वादी शाबची नाव माणशी 1 रियाल, आणि त्या एका रियालात जो दिवस मिळाला तो अख्ख्या वहीतला सगळ्यात स्वस्त सौदा.

परत आल्यावर वही बंद करणार होते. बरं झालं, केली नाही. प्रवास संपला तरी खर्च दीड महिना येत राहिला. गाडीच्या एजन्सीनं कार्डावर अनामत अडकवली होती, ती सुटायला तीन आठवडे लागले. मग सूर शहराच्या महामार्गावरच्या कॅमेऱ्याचा दंड, 10 रियाल. तिथे 120 ची मर्यादा आहे, रस्ता सरळसोट आणि रिकामा, काटा कधी वर गेला कळत नाही. दंडावर एजन्सीनं स्वतःचा 'सेवा आकार' लावला, ज्याचा करारात उल्लेख होता म्हणे. तो उल्लेख वाचायला भिंग लागलं. भांडून पाहिलं, मिळाले नाहीत. म्हणून माझं म्हणणं, परतल्यानंतरच्या बिलांसाठी एकूण रकमेच्या पाच टक्के तरी वेगळे ठेवा. आमच्या 2,40,000 मधून शेवटी सगळं फिटून 5,800 उरले.

वहीचे दोषही सांगते. चालत्या गाडीत लिहिलेलं स्वतःलाच वाचता येत नाही. ती हरवली असती तर सगळंच गेलं असतं. चौथ्या दिवसापासून रोज रात्री पानाचा फोटो काढून चौघांच्या ग्रुपवर टाकायला लागले. चलनाचं रूपांतर आपण होऊन होत नाही. आणि वाळू. पुढच्या वेळी प्लास्टिकचं कव्हर घालीन.

आता ती राहिलेली चूक. विमानतळावर रोख मोजली तर वहीपेक्षा 900 बैसे कमी. दोनशे रुपये, कुणाला फिकीर? मला होती. विमानात, घरी, मार्चपर्यंत मी ते शोधत होते. शेवटी सांगलीला गेले तेव्हा वही बाबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा चढवला, आणि आधी ओमान बघायच्या ऐवजी फरकाचा आकडा बघितला. "900. नऊनं भाग जातो ना? मग पैसे हरवलेले नाहीत, टिंब घसरलंय." आणि बोट ठेवत खाली उतरायला लागले. पाचव्या पानावर थांबले. निझवा, सकाळ, चार चहा, चार पराठे. मी लिहिलं होतं 0.100.

"चार चहा आणि चार पराठे शंभर बैशात?" बाबा म्हणाले. "एवढा स्वस्त तर मीसुद्धा दिला नसता." पेन मागून घेतलं, एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 1.000.