आधी पाणी काढले, मग कवच : न्यू जर्सीतील एका प्लास्टिक सर्जरी क्लिनिकचा अनुभव

मी २००४ साली स्तनांत सलाईनचे इम्प्लांट, म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेली सिलिकॉनची कवचे, बसवून घेतले, तेव्हा अमेरिकेत केवळ सौंदर्यासाठी सिलिकॉन जेलचे इम्प्लांट सहजासहजी मिळत नसत. १९९२ मध्ये त्यांच्यावर आलेले निर्बंध उठायला २००६ चा नोव्हेंबर उजाडला. इम्प्लांट बसवण्याच्या निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही. परंतु पन्नाशी जवळ आल्यावर साडेसहाशे मिलिलिटर मिठाचे पाणी छातीवर वागवणे आणि दर मॅमोग्रामला (स्तनांच्या एक्स-रे तपासणीला) इम्प्लांट मागे सारून जादा फोटो काढून घेणे मला नकोसे झाले.

ते काढून टाकण्यासाठी मी दोन ठिकाणी सल्ला घेतला. पहिल्या ठिकाणी वीस मिनिटांच्या भेटीतच इम्प्लांट काढणे आणि ब्रेस्ट लिफ्ट (सैल त्वचा काढून स्तन वर उचलणे) अशी एकत्रित शस्त्रक्रिया सुचवण्यात आली. दुसऱ्या क्लिनिकमधील डॉक्टरीणबाईंनी, ज्यांच्याविषयी मी हे लिहीत आहे, निराळा मार्ग सांगितला : आधी नुसते पाणी काढावे, काही आठवडे थांबावे आणि लिफ्टचा विचार त्यानंतर करावा. इतकी वर्षे ताणलेली त्वचा आणि दबून राहिलेली स्तनांची ऊती पाणी काढल्यावर हळूहळू सावरते, त्यामुळे मूळ आकार किती उरला आहे हे अंदाजाने ठरवावे लागत नाही, प्रत्यक्ष दिसते. ही सोय सलाईनच्या इम्प्लांटपुरतीच आहे, कारण घट्ट जेल असे सुईने बाहेर येत नाही.

पाणी काढण्याचे काम क्लिनिकच्या साध्या खोलीतच झाले. त्या जागेपुरती भूल दिली, त्वचेतून सुई आत घातली आणि नळीने पाणी ओढून घेतले. दोन्ही बाजू मिळून अर्धा तासही लागला नाही. भुलीचे इंजेक्शन टोचले तेवढेच दुखले. थोडे पाणी आत पाझरले तरी काळजी नव्हती, कारण हे साधे सलाईन शरीर शोषून घेते. त्याच दुपारी मी स्वतः गाडी चालवत घरी आले.

पुढच्या दिवसांची कल्पना मात्र कोणी नीट दिली नव्हती. रिकाम्या कवचाच्या घड्या बोटांना लागत होत्या, त्वचेला सुरकुत्या पडल्या होत्या, आणि पहिला आठवडा मी आरशासमोर जायचे टाळले. दुसऱ्या आठवड्यानंतर फरक दिसू लागला. चौथ्या आठवड्यात बाईंनी तपासून स्वतःच सांगितले, की लिफ्टची गरज दिसत नाही. स्वतःची मोठी फी सोडून देणारा हा सल्ला मला या क्लिनिकची सर्वांत जमेची बाजू वाटतो.

कवच काढण्याची शस्त्रक्रिया पाचव्या आठवड्यात, स्तनाखालच्या जुन्या व्रणातूनच झाली. रिकामे कवच घडी होऊन निघते, त्यामुळे छेद लहान पुरतो. भोवतालचे शरीराने तयार केलेले आवरणही सगळे काढावे का, असे मी विचारले होते, कारण मैत्रिणींनी तसे बजावले होते. बाईंनी सांगितले, की ते पातळ आणि मऊ असेल तर ठेवता येते. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला दुर्मीळ लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) आढळला तर मात्र ते पूर्णपणे काढावे लागते. माझे इम्प्लांट गुळगुळीत होते, याची खात्री त्यांनी इम्प्लांटची माहिती असलेल्या जुन्या कार्डावरून करून घेतली. (ते कार्ड मी दिवाळीच्या फराळाच्या कृतींच्या फाईलमध्ये सांभाळून ठेवले होते, हे सांगताना मला जरा ओशाळल्यासारखे झाले.)

तक्रारी दोन आहेत. स्वागतकक्षातील मुलगी सर्वांसमोर नावासोबत शस्त्रक्रियाही मोठ्याने सांगते; हे तातडीने थांबायला हवे. दुसरी तक्रार बिलाची आहे. सुरुवातीला सांगितलेल्या रकमेत फक्त सर्जनची फी होती. भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह यांचे पैसे वेगळे निघाले, आणि माझ्या विम्याने यातले काहीच दिले नाही. वैद्यकीय कामासाठी मी पाचपैकी पाच गुण देईन, व्यवहारासाठी दोन. येथे जाणाऱ्यांनी सगळ्या खर्चाचा एकत्रित आकडा लेखी हातात पडेपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख पक्की करू नये.